समोरच्या घरी बसलेल्या गौरी

साताऱ्याचे चुलत सासरे गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? गौरी चार दिवसांवर आल्या होत्या आणि आम्हाला दहा दिवसांचं सुतक. म्हणजे यंदा सोळा भाज्या निवडणं नाही, पहाटे उठून पुरण शिजवणं नाही. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीची बस पकडून पसार झाला की एकटीने आरास मांडणं नाही.

पण आमच्याकडे गौरी चुकवत नाहीत. सुतक असलं की दुसऱ्या घरच्या सवाष्णीकडून बसवून घेतात. इथे तमिळ मुलखात, अण्णा नगरात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये धनलक्ष्मीअक्का राहतात, मूळच्या तंजावरच्या मराठी. त्यांच्याकडे गौरींची रीत नाही, पण मी विचारताच हरखल्या. "हे मज भाग्यच की!" न्हाऊन, सोवळं नेसून आल्या आणि कपाटातले मुखवटे स्वतःच्या हातांनी घेऊन गेल्या.

पूजेच्या दिवशी मी त्यांच्या दाराबाहेर उभी राहिले. सुतकात आत शिरायची सोय नव्हती. आणि काय सांगू, अंगाचा नुसता तिळपापड झाला! माझ्या गौरींना अक्कांनी कांचीपुरमच्या साड्या नेसवल्या होत्या, मोगऱ्याचे भरगच्च गजरे माळले होते. माझ्याकडे मेल्या कधी एवढ्या खुलल्या नाहीत. मजल्यावरच्या बायका येऊन "रोंब अळगु, रोंब अळगु" म्हणून कौतुक करत होत्या, अक्का लाजून कुंकू लावत होत्या. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एवढ्यात दिसलं. ज्येष्ठा कनिष्ठेच्या जागी! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गप्प बसावं, होऊ दे चूक. पण थोरलीकडे बघवेना.

"अक्का, अदलाबदल झालीय. जाड भुवयांची ती थोरली, तिला उजवीकडे घ्या."

"अय्यो!" अक्कांनी कान धरले, आरतीआधी घाईघाईने जागा बदलल्या. बायका त्यावरही म्हणाल्या, किती भक्तीने करतात! माझा जळफळाट काही थांबेना.

संध्याकाळी माझा नवरा शार्दूल कामावरून आला, तोच अक्का आमच्या दाराशी आल्या. "देविका, तुज दर वर्षी किती श्रम होतात, मी पाहते. पुढल्या वर्षापासून मीच ठेवू काय गौरींस?"

शार्दूल बूट काढता काढता म्हणाला, "न्याच अक्का. हिची कंबर तरी वाचेल." त्याची काय चूक? लग्न झाल्यापासून तो माझी हीच कटकट ऐकतोय.

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की अक्का दचकल्या. "कंबर मोडू दे, पुरण करपू दे. त्या माझ्या आहेत!" आणि मला रडूच फुटलं.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांचेही डोळे भरले होते. "मज एका दिवसात इतका जीव लागला," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी तर आपण होऊन येतात. आणि तू कुरकुरतेस?"



दुसऱ्या दिवशी अक्कांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, गौरींची पाठवणी केली. मी उंबऱ्याबाहेरच होते. हात जोडले आणि म्हटलं, "पुढल्या वर्षी माझ्याकडेच या. राबवा मला, हवं तेवढं राबवा. फक्त दुसरीकडे जाऊ नका."