हवेवरचे गुलगुले

रावसाहेब पैलवान पहिल्यांदा जमिनीवरून सुटले ते सकाळी, अंघोळ करून बाहेर येताना. फार नाही, चार बोटं वर. ओल्या पायांचे ठसे उमटले नाहीत म्हणून शेवंताकाकूंना आधी बरंच वाटलं, कारण फरशी नुकतीच पुसून झाली होती. मग त्या बादली उचलायला वाकल्या, तर नवऱ्याच्या टाचांखालून त्यांना पलीकडचा तांदळाचा डबा दिसला.

"अवं, खाली उतरा," त्या म्हणाल्या.

"कशावरनं?" पैलवान म्हणाले.

त्यांना स्वतःला काही जाणवलं नव्हतं. ते तसेच चालत गेले, खुर्चीत बसले, म्हणजे खुर्चीच्या जरा वर बसले, आणि पेपर उघडला. शेवंताकाकूंनी चहा दिला. कप मात्र हातात नीट बसला होता, त्यामुळे त्यांनी विषय तिथंच सोडला. माणूस उतारवयात थोडाफार बदलतोच.

पण हा माणूस साधा नव्हता. तासगावच्या तालमीत रावसाहेब मगदूमांना कुणी उचललं नव्हतं. पाडणं लांबच राहिलं, त्यांचा एक पाय मातीतून सोडवायला दोन गडी लागत. लग्नात नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचवायची मित्रांची हौस, ती ह्यांच्या वरातीत तशीच राहून गेली. मित्रांनी घोड्याला विचारलं, घोड्यानंही मान फिरवली. शेवंता नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा रात्री सासरा म्हणाला होता, "पोरी, वादळ आलं तर ह्याला धरून बस, घर उडालं तरी तू ऱ्हाशील." तेवढ्या एका भरवशावर तिनं सगळा संसार केला. वाऱ्याला ती कधी घाबरली नाही.

हे वर जाणं सुरू व्हायच्या थोडं आधी पैलवानांच्या छातीत कळ आली. डॉक्टरनं तेल बंद केलं. मटणावाचून त्यांचं अडलं नाही, भज्यांवाचून अडलं नाही, पण गुळाचे तळलेले गुलगुले बंद झाले आणि माणूस रिकाम्या कढईशेजारी पाट टाकून बसायला लागला. कढईच्या बुडाकडं नुसते बघत बसायचे. ते बघवेना म्हणून पुण्याच्या लेकीनं, राजश्रीनं, एअर फ्रायर पाठवला. काळा, गुळगुळीत, पाणी तापवायच्या तपेल्याएवढा. पुढं खण ओढायचा, आत जाळी, जाळीवर जिन्नस ठेवायचा, आणि आतला पंखा गरम हवा फिरवून तो तळून काढणार. तेल नाहीच.

शेवंताकाकूंना ते जमलं, आणि झटक्यात जमलं. पातळ पीठ जाळीतून गळतं हे पहिल्या फटक्यात कळलं, म्हणून त्यांनी कोमट पाण्यात गूळ विरघळवून, दह्याचा हात लावून, चिमूट सोडा, बडीशेप घालून कणीक घट्टच मळली. लिंबाएवढे गोळे केले, वरून तुपाचं बोट फिरवलं, खण आत सारला. पैलवानांना चष्मा सापडेपर्यंत गुलगुले तयार होते. तांबूस, फुगलेले, हातात घ्यावेत तर पिसासारखे.

"आत काय न्हाई ह्यात," पैलवान पहिला फोडून म्हणाले. "नुसती हवा हाय." आणि सगळी ताटली संपवली. तेव्हापासून रोज दुपारच्या चहाला गुलगुले.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या दिवशी घडली होती. शेवंताकाकूंच्या आईची रीत अशी, की तळण काढण्याआधी पिठाचा चिमूटभर गोळा आधी विस्तवात टाकायचा. अग्नीचा घास त्याला दिला की मग घरच्यांनी खायचं. काकूंनी तो चुलीत टाकला, स्टोव्हवर टाकला, गॅसच्या निळ्या जाळावरही टाकला. ह्या यंत्रापाशीही त्या चिमूट हातात घेऊन उभ्या राहिल्या. डबा फिरवून बघितला. जाळ कुठंच नव्हता. मागं नुसत्या फटी होत्या, आणि त्यांतून कढत वारा येत होता. त्यांना स्वतःचंच हसू आलं. तो गोळा त्यांनी परत कणकेत घातला, मळून टाकला, आणि पैलवानांनी खाल्ला.

चार बोटांवरचे पैलवान दुसऱ्या आठवड्यात वीतभर वर आले. मग त्यांचे गुडघे टेबलाला लागायला लागले. मग एका दुपारी काकू चहा घेऊन आल्या तर ते छताला पाठ लावून पेपर वाचत होते.

"पंख्यावर केवढी धूळ हाय गं," ते वरून म्हणाले. "कधी पुसलाच न्हाईस वाटतं."

काकूंनी आधी पंखा बंद केला, मग खिडक्या लावल्या, मग दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. बाहेर ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि घरात वाऱ्याची झुळूक चालणार नव्हती. फोन लावून त्यांनी लेकीला सांगितलं, बाबांचं वजन उतरलंय.

"मस्तच की!" राजश्री म्हणाली. "बघ, मी म्हणत होते ना?"

"लई उतरलंय."

"आई, तुला ना कशातच समाधान नाही."

पैलवानांच्या कमरेला काकूंनी त्यांचा जुना मुद्गल बांधला. ज्याला उचलायला आलेले शेजारचे जावई नुसता हात लावून परत जायचे, तो मुद्गल. पैलवान खाली आले, संध्याकाळपर्यंत जमिनीवर हिंडले, शेजारच्या कुत्र्यालाही भेटून आले. सकाळी मुद्गल त्यांच्यासोबत छताला टेकला होता. त्यांना जे बांधावं ते त्यांच्यासारखंच होऊन जायचं. ज्वारीचं पोतं वर गेलं. गव्हाचं वर गेलं. शेवटी त्यांना खाली ओढून काकू स्वतः त्यांच्या मांडीवर बसल्या. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या असं बसायची वेळ आली नव्हती. पैलवान लाजले. काकूही लाजल्या असत्या, पण त्यांच्या पायाची बोटं फरशीवरून सुटल्याचं त्यांना कळलं आणि त्या उडी मारून बाजूला झाल्या.

गुलगुले त्यांनी बंद केले. त्यानं काही झालं नाही. पैलवान आता दुसरं काही खाऊ शकत नव्हते. भाकरीचा घास तोंडात घालावा तर तो आतून खडखडत खाली जायचा, आणि खाली काही नसल्यासारखा तिथं वाजत राहायचा.

समोरच्या घरातल्या कमलवहिनी विरजण मागायला आल्या. त्यांनी वर बघितलं.

"भावजी वर का बसल्यात?"

"गार वाटतं म्हणून."

"छताला? उन्हाळ्यात?"

काकूंना रडू आलं. त्यांनी सगळं सांगितलं. कमलवहिनींनी शांतपणे ऐकलं, स्टुलावर चढल्या, आणि कलिंगड बघतात तसं बोटाचं पेर पैलवानांच्या बरगडीवर वाजवलं. टक टक असा आवाज आला.

"पोकळ," त्या म्हणाल्या. "चांगले फुगल्यात. खुसखुशीत झाल्यात."

"कमल, तुझी जीभ लई चालती," पैलवान म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, डब्याच्या झाकणाखालून आल्यासारखा. बोलताना त्यांच्या डाव्या कानाची पाळी कुरकुरली, आणि एक तांबूस पापुद्रा तरंगत खाली आला. काकूंनी तो पदरात झेलला. तो अजून गरम होता.

हे बघितल्यावर थट्टा संपली. वर जाणं निराळं आणि तडकणं निराळं. वर गेलेल्या माणसाला खाली घेता येतं. तडकलेल्या गुलगुल्यातून काय निघतं ते काकूंनी रोज बघितलं होतं. थोडी वाफ, आणि मग काही नाही.

कमलवहिनी स्वयंपाकघरात गेल्या. "शेवंते, तुझा ओटा खचलाय बघ."

खरंच. यंत्र ठेवलं होतं तिथं कडाप्पा मधोमध वाकला होता, जुन्या बाजेसारखा. दोघींनी यंत्राला हात घातला. ते हललं नाही. खांदा लावला. ते हललं नाही.

"ह्यात काय ठेवलंयास?"

"काय न्हाई."

"पहिला घास दिला होतास?"

"कुणाला देऊ? आत जाळ कुठं हाय?"

"वारं तर हाय."

"वाऱ्याला कोण घास देतं?"

"न देऊन बघितलंस की तू," कमलवहिनी म्हणाल्या.

काकूंनी घाईघाईनं कणीक मळली. चिमूटभर गोळा मागच्या फटींपाशी धरला. यंत्राचं बटण बंद होतं, वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती, तरी फटींतून वारा आला आणि गोळा काकूंच्या कपाळावर आपटला. त्यांनी मोठा गोळा केला, तूप लावलं, हात जोडले. तोही परत आला, भाजून.

"आता त्याला पीठ चालंना," कमलवहिनी म्हणाल्या.

काकूंनी खण ओढला. तो विहिरीवरच्या रहाटासारखा करकरत, इंचाइंचानं आला. जाळी रिकामी होती. त्यांनी जाळी उचलली. खाली, जिथं एरवी तुपाचे चार थेंब साचतात, तिथं एकच गुलगुला होता. काळसर, लिंबाएवढा, न फुगलेला. त्याच्या भारानं पत्र्याला खळगा पडला होता. काकूंनी दोन बोटांनी तो उचलायला घेतला आणि त्यांची बोटं निसटली. सांडशी लावली, सांडशी वाकली. मग त्यांनी तोंड खाली नेऊन वास घेतला. ताक, हळद, लिंबू, तेल आणि त्याखाली घाम. तालमीतली लाल माती. लग्नानंतर कित्येक वर्षं ह्या वासाची धोतरं त्यांनी नदीवर धुतली होती.

त्या बाहेर आल्या आणि छताकडं बघून म्हणाल्या, "तुमचं सगळं हितं खाली साचलंय."

"मग दे की वर."

"उचलत न्हाई."

"केवढं हाय?"

"लिंबाएवढं."

"आणि उचलत न्हाई?"

"तुम्हाला कुणी उचललंय व्हय कधी?"

पैलवानांना ते आवडलं. ते हसायला गेले, मिशीजवळ बारीक चीर पडली, आणि चिरेतून शीळ घातल्यासारखी हवा जायला लागली. काकूंनी स्टुलावर चढून तिथं कणकेचं ओलं बोट लावलं. चीर बुजली. शेजारी दुसरी दिसायला लागली.

आता घाई होती. काकूंनी नऊवारीचं टोक त्यांच्या कमरेला बांधलं आणि दोघींनी हातावर हात टाकत त्यांना खाली ओढलं, दारातून आडवं वळवलं, स्वयंपाकघरात आणलं. त्यांना धरताना बोटं जपून ठेवावी लागत होती, नाहीतर खळी पडायची. ओट्यापाशी त्यांना पालथं केलं आणि तोंड खणापाशी नेलं. हे डोकं त्या खणात मावणार नाही असं कमलवहिनी म्हणाल्या. ते मावलं. उशी खोळीत जावी तसं गेलं.

"दिसतंय का?" काकूंनी विचारलं.

"जरा आत हाय," आतून आवाज आला.

त्यांचे खांदे गेले. ज्या खांद्यांना घराच्या दारातून तिरकं यावं लागायचं ते खांदे.

"आता?"

"अजून जरा आत."

खण बाहेरून वीतभरच होता. पैलवान कमरेपर्यंत त्यात होते आणि यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीशी, हात घालून कमलवहिनींना काहीच लागत नव्हतं. काकूंनी घोटे धरले. घोटे हलके होते, वाळलेल्या दोडक्यासारखे. मग आतून चावल्याचा आवाज आला.

"गोड हाय का?"

"बेतानं," पैलवान म्हणाले. आवाज त्यांचा होता. जुना, भरदार, ओट्यावरची भांडी वाजवणारा. "जरा चिवट हाय. पण हाय चांगलं."

काकूंच्या हातातले घोटे गरम झाले. मग जड झाले. टाचेला टाचेचा भार आला, पोटरीला पोटरीचा. उजव्या पायाचं मोडून जुळलेलं बोट झोपेत जसं टोचायचं तसं काकूंच्या मनगटाला टोचलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते. आत दुसरा घास चावला गेला. पाय आणखी जड झाले, आणि खण बोटभर आत सरकला.

"शेवंते, ओढ!" कमलवहिनी ओरडल्या.

"खाऊ दे."

"अगं आत चालल्यात! त्याला घास हवाय!"

"मधीच ओढलं तर अर्धेच ऱ्हातील," काकू म्हणाल्या.

यंत्रातला पंखा फिरायला लागला. कमलवहिनींनी काकूंच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागं ओढलं, पण काकूंची मूठ सुटली नाही आणि पैलवान हलले नाहीत. पैलवान आता पूर्वीएवढेच भरले होते. दोन गड्यांना न हलणारे. आतून मचमच आवाज येत होता, सावकाश, भूक लागलेल्या माणसाचा. प्रत्येक घासाला कडाप्पा कुरकुरत होता आणि पाय आत जात होते, आधी घोटे, मग टाचा, मग काकूंच्या मुठीत फक्त पावलं उरली, जमिनीत रोवलेल्या खांबांसारखी जड.

"अजून किती ऱ्हायलंय?" काकूंनी विचारलं.

आत चावणं थांबलं. पैलवान बहुतेक बघत होते. खण गरम होत होता, आणि त्याची कड काकूंच्या मनगटांभोवती मिटत आली होती, तरी त्यांनी पावलं सोडली नाहीत.