डवऱ्याचं वॉरंटी कार्ड

वकील उत्तमरावांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळता चघळताच कागद वाचला आणि टेबलाखालच्या डब्यात पचकन थुंकले. समोर बसलेल्या जगदेवनं पाय मागे घेतले.

"चालते," वकील म्हणाले. "एक नंबर हाये."

"साहेब, ते चौथं कलम वाचलं का तुमी? ते चुकून आलं. पोरीनं घरच्या चक्कीचं कार्ड पाहून टाइप केलं, त्याच्यातलं तसंच राह्यलं."

चौथं कलम असं होतं: यंत्रास माती, पाणी किंवा चिखल लागल्यास वॉरंटी रद्द समजावी. पीठ दळायच्या चक्कीला ते ठीकच. पण जगदेव बनवायचा सायकल डवरे. समोर सायकलचं चाक, मागं तण कापणारी लोखंडी पास, आणि सोयाबीनच्या ओळींमधून माणसानं ढकलायचा. त्याला माती लागू द्यायची नाही, तर काय भिंतीवर टांगून हार घालायचा?

"खोडू नका," वकील म्हणाले. "हेच तं कामाचं कलम हाये. उद्या कोणी ग्राहक मंचात गेला, तं काय सांगसान? माती लागली. खतम! मी दिवसभर बसलो असतो तरी मले असं सुचलं नसतं." आणि ते मनापासून हसले. दातांत सुपारीचा चुरा दिसला.

वाशीमजवळच्या मालेगावातलं जगदेवचं वर्कशॉप वडिलांपासूनचं. गॅरंटी एकच, तीही तोंडी: मोडला तर घेऊन या. वेल्डिंग थंड झालं की प्रत्येक डवरा तो मागच्या मोकळ्या जागेत चालवून बघायचा आणि माती लागलेला तसाच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. कोणी पुसायला गेलं तर चिडायचा. "राहू दे नं. चालते, हे त्याच्यावरूनच तं समजते."

पण कारखान्याचे रंगीत डवरे आले आणि वर्कशॉपकडे कोणी फिरकेना. शेवटी वाशीमच्या एका दुकानदारानं माल ठेवायची तयारी दाखवली. वकिलानं पाहिलेलं कार्ड मात्र पाहिजे म्हणाला. हेही गेलं तर वर्कशॉपला कुलूप लागणार होतं.

"राहू द्या मंग," जगदेव म्हणाला आणि त्यानं सही केली. वकिलांनी खर्ऱ्याच्या बोटांनीच शिक्का मारला. बाहेर येऊन त्यानं हॉटेलच्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. किळस काही जाईना.

डवरणीच्या दिवसांत मेडशीची वच्छलाबाई ऑटोत डवरा टाकून वर्कशॉपवर आली. दुकानातून घेतलेला, पण जगदेवचाच. डवरा सणाच्या भांड्यांसारखा लख्ख होता. पास राखेनं घासलेली, चाकाची एकेक तार पुसलेली. पासेजवळचा जोड तेवढा सुटला होता. पदराला हात पुसून तिनं प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड पुढे केलं.

"कसा मोडला, मावशी?"

"घरीच मोडला, भाऊ. पडवीत." ती खाली बघत होती. "मातीत नाई घातला जी एकडावही. सुनेनं वाचून दाखोलं होतं मले."

पासेच्या बोल्टाखाली काळ्या मातीचा ओला थर तसाच होता. जगदेवला तो दिसला, आणि आपल्याला दिसला हे तिलाही कळलं. जन्म मातीत काढलेली ही बाई त्याच्या सहीपायी खोटं बोलत होती. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्यानं वेल्डिंग करून जोड लावला. थंड झाल्यावर डवरा मागच्या ओल्या जमिनीत नेला आणि सरळ एक ओळ काढली. वच्छलाबाई धावत आली.

"अरे देवा, मातीनं भरला नं भाऊ! आता कसं जी? कार्डात तं..."

"ते चक्कीचं कार्ड हाय, मावशी," तो म्हणाला. "डवऱ्याचं नाई. मोडला तं आणजा. मातीसकट आणजा."

"हाव," ती म्हणाली. कार्ड तिनं नीट पिशवीत घालून कमरेला खोचलं. त्यानं डवरा ऑटोत चढवून दिला.

ऑटो निघाला. रस्ता वळेपर्यंत जगदेव बघत राहिला. तिचा पदर पासेवरून फिरतच होता.