तेवीस ओरखडे

मंगळवार, दिनांक १८ फेब्रुवारी २०२५. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा चर्चमध्ये लीलाधर सरांनी संगमरवरी फळीवरचे ओरखडे मोजले. तेवीस भरले.

फळी दोन फूट रुंद, पावणेतीन फूट उंच. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियामाता कोरलेली. साडेपाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा कारागिराने ती घडवली आणि शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी फादरांनी ती आधी बोटीतून, मग बैलगाडीतून इथवर आणली, एवढे गावात सर्वांना ठाऊक होते. उठाव अगदी बेताचा. सर्वांत वर आलेला बाळाचा गुडघाही बोटाच्या जाडीएवढाच. त्यामागचा भाग सपाट, आणि त्या सपाट भागावर, मातेच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना, हे ओरखडे.

लीलाधर सर धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकले, अमळनेरच्या बाजूला एका तांत्रिक शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले आणि आता फरशी पॉलिश करण्याची कामे घेत. चर्चची फरशी त्यांच्याकडे होती. फळीचे काम कुणी सांगितलेले नव्हते. पण दगडावर ओरखडा दिसला की सरांचे हात स्वस्थ बसत नसत. फादर तीन दिवस धुळ्याला गेले होते. परत आले की बघतच राहतील, असा सरांचा हिशेब. धूळ उडेल म्हणून त्यांनी रुख्माबाईला बाहेर बसायला सांगितले. रुख्माबाई पायथ्याच्या पाड्यावरची, साठी ओलांडलेली. चर्चची किल्ली आणि झाडलोट दोन्ही तिच्याकडे.

सरांनी दार लावून घेतले. माता आणि बाळ प्लास्टिकने झाकून कडेने चिकटपट्टी लावली. मशीन नाही, सगळे हाताने. आधी एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर, मग दोनशेवीस, मग चारशे. मधे मधे पाणी, शेवटी चकाकीसाठी ऑक्झॅलिकची पावडर. पावणेतीनला फळीचा सपाट भाग आरशासारखा झाला. मातेच्या नाकाला धक्का नाही, बाळाच्या बोटाला नाही. सरांनी समाधानाने डबा खाल्ला.

फादर परतले, फरशीवर खूश झाले. फळीकडे मात्र त्यांचे लक्षच गेले नाही. सर थोडे हिरमुसले आणि आपण होऊन सांगायचे राहून गेले.

गुरुवारी, ६ मार्चला, जुन्या शिल्पांचा अभ्यास करणाऱ्या मोहिनी नावाच्या बाई आल्या. सरही फरशीच्या राहिलेल्या कडा घासायला आले होते. बाईंच्या हातात नव्वद वर्षांपूर्वीचा फोटो आणि बॅटरी होती. बॅटरी त्यांनी समोरून धरली नाही. भिंतीला टेकवून आडवी धरली. उजेड दगडावरून सरकत गेला, कुठेही अडला नाही.

"फादर, इथले देवदूत कुठे आहेत?"

"कोणते देवदूत?"

बाईंनी फोटो पुढे केला. मातेच्या दोन्ही खांद्यांमागे पंख पसरलेले दोन देवदूत. "हे उठावाचे नाहीत. कारागिराने नखाएवढ्याही खोल न जाता, नुसत्या रेघांनी काढलेत. समोरच्या उजेडात ओरखडे वाटतात. बाजूने उजेड आला की उभे राहतात. कुणीतरी घासलंय हे."

सरांनी हातातला पॉलिश पेपर पिशवीत सारला.

फादर रुख्माबाईकडे वळले. "तू राखेने घासतेस ना?"

"राख मेणबत्तीना पितळी ठाणाले लावस, फादर. दगडले कोरडं फडकं."

"लीलाधर सर, तुम्ही जाणकार. राखेने संगमरवर झिजतो का?"

आता बोलायचे होते. चार शब्द पुरले असते. सरांनी घसा साफ केला आणि वर्गात सांगावे तसे सांगितले, "राखेत बारीक कण असतात. वर्षानुवर्षे घासले तर झीज होऊ शकते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याच संध्याकाळी फादरांनी रुख्माबाईकडून किल्ली मागून घेतली. कमरेच्या गाठीतून तिने ती सोडवून दिली, आणि सर जवळच उभे राहून ते पाहत होते.

पुढचे चार दिवस सरांना घास गोड लागला नाही. हजारो पोरांना त्यांनी बजावले होते: हातातला जॉब बिघडला तर आधी स्वतःचे नाव सांगा, मग कारण सांगा. मंगळवारी चर्चमध्ये राहिलेले फरशीचे मशीन आणायचे निमित्त करून ते निघाले. गावात होळीआधीचा, आदिवासींचा भोंगऱ्याचा बाजार भरला होता. ढोल वाजत होते, पोरी नटून फिरत होत्या. रुख्माबाई एका गाडीपाशी गूळ-फुटाणे घेत होती. सर वाट बदलणार, तोच तिने हाक मारली.

"सर! मशीन लेवाले उनात का?"

"हो. रुख्माबाई, ते फळीचं..."

"मले ठाऊक शे. तुम्ही दार लाई लिन्हं, पाखरं त्याच दिनले गयात."

"पाखरं?"

"मरियामायना दोन्ही अंगले पंखवाला पोऱ्या. सांजले बाजूथून मेणबत्ती लावस ना मी, तवय दिसेत. त्या दिनले लावी, तं कोनीच नही."

"मग फादरांना का नाही सांगितलं?"

"मी सांगसू तं कोन मानी?" तिने फुटाण्यांची पुडी बांधली. "तुम्ही सर शेतस. मी राखवाली. फुटाणा ल्या."

ती रागावली असती तर बरे झाले असते. सरांनी फुटाणे हातात घेतले, पण तोंडापर्यंत हात गेला नाही. मशीन न घेताच ते एसटीत बसले.

रविवारी प्रार्थना संपल्यावर लीलाधर सर शेवटच्या बाकावरून उठून पुढे गेले. कागदावर मुद्दे लिहून आणले होते. कागद खिशातच राहिला.

"ती फळी मी घासली," ते म्हणाले. "कुणी सांगितलेलं नसताना. ओरखडे समजून देवदूत पुसले. आणि फादरांनी विचारलं तेव्हा राखेवर ढकललं. रुख्माबाईचा यात काही दोष नाही."

"सर, त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं," फादर एवढेच म्हणाले. सरांना वाटले, त्यांनी चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तरी सोसल्या असत्या.

"पुन्हा काढता येतील?" कुणीतरी विचारले.

"नाही," सर म्हणाले. "दगड गेला तो गेला."

फादरांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढली, स्वतः चालत बायकांच्या बाजूला गेले आणि सर्वांसमोर रुख्माबाईची माफी मागितली. तिने किल्ली कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि तिथूनच विचारले, "सर, मंग राख चालू ठेवू का बंद करू?"

बायका हसल्या, पुरुषही हसले. सर मान खाली घालून उभे राहिले; त्या हसण्यातून त्यांना सुटका नको होती.

किल्ली रुख्माबाईपासून दहा दिवस दूर राहिली.