मास्तरांना डिपर देता येईना

"अहो, डिपर द्या ना! समोरचा शिव्या घालून गेला," मी यांच्या मागच्या सीटवरून म्हटलं.

यांनी दिवे तसेच ठेवले. बहिणीकडून रात्री परतताना मी मुद्दाम यांच्याच बसने निघाले होते. तीस वर्षं बस चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला डेपोत सगळे मास्तर म्हणतात, कारण नव्या ड्रायव्हरांना दिव्यांची रीत हेच शिकवतात. समोरून गाडी आली की आपला अप्पर लाइट आधी खाली, म्हणजे डिपर. धुक्यात तर अप्पर नकोच. डिपर, फॉग लाइट आणि गोगलगाईचा वेग. "अप्पर लावला की धुक्याची भिंत होते," हे सांगतात, "आणि भिंतीत घुसायला आपण काही खिळे नाही."

आणि आज हेच अप्पर लावून चालले होते! दुसऱ्या ट्रकवाल्यानेही दिव्यांची उघडझाप करून विनवलं. हे ढिम्म. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मला लाज वाटली.

पुलापुढे धुकं आलं. तरी अप्पर तसाच. काचेपुढे सगळं पांढरंफटक. मी उठून यांच्या कानाशी गेले.

"अहो, काय करताय हे?"

"डिपरवर काहीच दिसत नाही गं," हे हळूच म्हणाले. "चार महिने झाले. अप्परमध्ये जरा कळायचं. आता तेही नाही."

सुईत दोरा नेहमी हेच ओवून द्यायचे. हल्ली "तूच ओव" म्हणायचे. मी आळशी म्हणून चिडवलं होतं. मागे एकेचाळीस माणसं पेंगत होती.

"थांबवा."

"आज थांबलो की संपलं. पुन्हा कोण गाडी देईल हातात?"

"थांबवा म्हणते ना!"

यांनी बस कडेला घेतली, इंडिकेटर चालू ठेवले आणि हे प्रवाशांसमोर उभे राहिले. "मला दिसत नाही. मागून दुसरी बस येतेय, तिच्यात बसा."

"मग चालवता कशाला?" कोणीतरी ओरडलं. त्याला खडसावायला माझी जीभ वळवळली, पण त्याचं बरोबरच होतं.

दुसऱ्या बसचा ड्रायव्हर यांच्याच हाताखाली तयार झालेला. डिपर, फॉग लाइट, गोगलगाईचा वेग. हे खिडकीशी बसले, मी शेजारी. समोरून उजेड आला की यांचा हात डिपर द्यायला आपोआप उचलला जाई. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी तो धरला आणि आमचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.