बाहेरच्या कडीचं म्हणणं

मी कडी बोलतेय. लोखंडी, वीतभर लांब, चार स्क्रूंवर बसलेली. झोपायच्या खोलीच्या दाराची, पण बाहेरच्या अंगाची. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला बसवताना सुताराने विचारलं होतं, "साहेब, खोलीला बाहेरून कडी कशाला? आत वाघ ठेवताय का?"

"मांजर शिरतं," मालक म्हणाला.

या घरात मांजर मी आजवर पाहिलेलं नाही.

पाहिली ती त्याची बायको. शिवणाच्या दुकानात कामाला जायची. यायला जरा उशीर झाला, बहिणीशी फोनवर चार शब्द जास्त बोलली, की हा तिला दंडाला धरून आत ढकलायचा आणि मला सरकवायचा. त्याच्या घामट बोटांची मला शिसारी यायची.

"अहो, दार उघडा. पाणी तरी द्या," ती आतून म्हणायची.

सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. "डोकं थंड होऊ दे, मग उघडेल तो."

शेवटी मला उघडलं शेजारच्या काकूंनी. हातात परत द्यायची वाटी होती, पण खरं तर आवाज कसला येतोय ते बघायला आल्या होत्या. लोक म्हणतात, या बाईला नसत्या चौकशा फार. असू देत. सासूबाई "अहो, अहो" करेपर्यंत काकूंनी मला सर्रकन मागे ओढलं. "चपला घाल गं. बाकीचं नंतर बघू."

ती बहिणीकडे गेली आणि तिने कोर्टात अर्ज केला, की याने मला मारू नये, कोंडू नये, माझ्या वाटेला जाऊ नये, असा हुकूम द्या. हुकूम मिळाला नाही तर तिला दुकानातून ओढत आणीन, असं हा घरात उघड बोलत होता.

कोर्टाची नोटीस आली. आता याला उत्तर द्यायचं होतं. कोर्टात उत्तराला 'म्हणणं' म्हणतात. मला हसूच आलं. या घरात दुसऱ्या कुणाला म्हणणं होतं कधी?

म्हणणं दाखल करून वकील त्याची प्रत द्यायला घरी आला. सोफ्यावर बसून वाचून दाखवू लागला, "अर्जदार तापट असून स्वतःच खोलीची कडी लावून आत बसत असे." वाचता वाचता त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"खोली हीच का?"

"हीच."

"कडी तर बाहेर आहे."

सासूबाई म्हणाल्या, "बाहेरून लावून आत बसायची ती."

"आई, तू चहा टाक," मालक म्हणाला.

वकिलाने कागद मिटले. "शपथेवर सही केलीये तुम्ही. मला काही ऑफिसातून हे दार दिसत नव्हतं." चहाला तो थांबला नाही.

त्याची पाठ फिरताच मालकाने स्क्रूड्रायव्हर काढला. मला शिव्या घालत उपटलं आणि आतल्या अंगाला ठोकलं. सुताराला बोलवायची सोय नव्हती, त्याने वाघाची चौकशी केली असती. मी तिरकी बसले. नीट लागते का बघायला त्याने दार लोटून मला सरकवलं, आणि मी जी रुतले ती रुतलेच.

"आई, दार उघड."

सासूबाईंनी बाहेरून चाचपलं. तिथे होती चार भोकं आणि माझ्या मापाचा एक कोरा पट्टा. दार रंगवताना मला काढायचा यांनी आळस केला होता. शेवटी सासूबाईंनी काकूंनाच हाक मारली.

काकूंनी चष्मा लावून दार पाहिलं. "इथली कडी कुठे गेली हो? मीच तर काढली होती त्या दिवशी."

"काकू, सुताराला बोलवा," मालक आतून म्हणाला. "आणि खिडकीतून पाणी तरी द्या."

"डोकं थंड होऊ दे," काकू म्हणाल्या, आणि मोबाइल काढून त्यांनी भोकांचा फोटो घेतला.

सध्या मी आत आहे, वाकडी, सुताराने दार उचकटल्यापासून अर्ध्या स्क्रूंवर. कोर्टात काकू जाणार आहेत. इस्त्रीची साडीसुद्धा काढून ठेवलीये म्हणे. मला कोण बोलावणार? पण दार बघायला कुणी आलंच, तर त्यांना माझी विनंती आहे. मालकासोबत आत जाऊन मला बघू नका. बाहेर उभे राहा आणि दार ओढून घ्या. माझं म्हणणं तिथे आहे.