कमळाबाईंच्या घरचा मुका फोनो

"कमळे, या कर्ण्यापासून जपून राहा गो," शेजारच्या आवडाबाई म्हणाल्या होत्या.

कमळाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. "या डब्याला भिऊ? चावी संपली का त्याचा आवाज बसतो. माझा गला पेजेवर चालतो."

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. मी एक जुना फोनो आहे. लाकडाची पेटी, वर पितळी कर्णा आणि बाजूला चावी. माझी पहिली वर्षं ठाण्यातल्या एका वकिलांच्या दिवाणखान्यात गेली. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी वकिलांनी रेडिओ घेतला आणि मी जिन्याखाली गेलो. तिथून आवडाबाईंचे चिरंजीव परशुराम मला शहाडजवळच्या आपल्या गावी घेऊन आले. वकिलांकडे माझ्यावरची धूळही कुणी पुसत नव्हतं. इथे मात्र मला बघायला शेतावरची माणसं चिखलाच्या पायांनी ओटीवर येऊन बसली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

कमळाबाई गावच्या धवलारीण. तिथल्या लग्नात विधी चालायचे ते त्यांच्या गाण्यावर. मांडवाची मेढ रोवायची, हळद दळायची, नवरीला तेल लावायचं, प्रत्येकाचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, वेगळा. कमळाबाईंनी एक ओळ म्हणायची आणि भोवतीच्या बायकांनी ती उचलायची. उचललेली ओळ परत आली, की तिचा हात धरून पुढची यायची. कुणी मुलाला पाजता पाजता म्हणे, कुणी तांदूळ निवडता निवडता. मांडवात नुसतं ऐकत बसलेलं असं कुणी नसेच. कमळाबाईंना सगळे धवले पाठ होते असं लोक म्हणत, पण ते पुरतं खरं नव्हतं. ओळ परत आली नाही, तर पुढची त्यांना आठवत नसे. त्यांचं अर्धं गाणं बायकांच्या तोंडात होतं.

मग परशुरामांच्या लेकीचं, शेवंतीचं लग्न ठरलं. सोयरे डोंबिवलीचे. त्यांच्यापुढे आपलं घर उठून दिसावं म्हणून परशुरामांनी हळदीला मला मांडवात, अगदी मेढीशेजारी ठेवलं. नवी तबकडी लावली आणि चावी पुरती भरली.

शेवंती पाटावर बसली होती. कमळाबाईंनी हळदीची वाटी हातात घेतली आणि धवल्याची पहिली ओळ म्हटली. ती कुणी उचलली नाही. साऱ्या बायका हात मांडीवर ठेवून माझ्या कर्ण्याकडे बघत होत्या. कमळाबाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने.

"काकी, थांबा ना जरा," एक पाहुणी म्हणाली, "चांगलं लागलंय."

कमळाबाई थांबल्या. तबकडी संपल्यावर सुरू करतील असं सगळ्यांना वाटलं. पण परशुरामांनी लगेच दुसरी लावली. शेवंतीच्या एका गालाला हळद लागली होती, दुसरा कोरा होता. धवला मध्येच सुटणं अशुभ, असं तिथे मानत. आवडाबाई उठल्या, सुनांना म्हणाल्या, "अगं, तोंडं उघडा." सुनांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या हसल्या. शेवटी दुसऱ्या गालाला हळद कुणीतरी तशीच लावली. कमळाबाईंचे ओठ हलत होते, पण पुढची ओळ त्यांना सापडली नाही.

कमळाबाईंना वाटलं, या मुलीचं आता काही वाईट होईल. कितीतरी दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोंबिवलीची खुशाली विचारत राहिल्या. शेवंतीचा संसार मात्र छान झाला. वर्षाच्या आत मांडीवर मुलगा आला. सुटलेल्या धवल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, आणि कमळाबाईंचं सगळं तिथेच सरलं. पुढच्या लग्नांना आमंत्रण मला येऊ लागलं. त्यांनाही यायचं, पण जेवायला.

माझे ते दिवसही फार टिकले नाहीत. जवळच्या मोहने गावच्या कारखान्यात पोरांना नोकऱ्या लागल्या. परशुरामांच्या कौलांवर तार ताणली आणि रेडिओ आला. रेडिओ सिलोनवर फर्माइशीच्या गाण्याआधी आपलं नाव पुकारतील म्हणून पोरं श्वास रोखून बसत. पुढे स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात रेडिओ आला, तसं परशुरामांचं अंगणही ओस पडलं. मी माळ्यावर गेलो. माझी स्प्रिंग तुटली. शेवटी कमळाबाईंचा मुलगा रघु मला मागून घरी घेऊन गेला. पेटी चांगली आहे, म्हणाला. आता माझ्या पोटात सुकट ठेवतात.

एकदा शेवंती धाकट्या बाळाला घेऊन माहेरी आली, तेव्हा कमळाबाईंना भेटायला आली. डोळे जागरणाने सुजलेले. बाळाच्या छातीवर सारखा हात ठेवून बघत होती.

"काकी, हा झोपतच नाय. रेडिओ बंद केला का रडतो. तुमी म्हणा ना काहीतरी."

कमळाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि एक ओळ म्हटली. बाळ टक लावून बघू लागलं. कमळाबाईंनी शेवंतीकडे पाहिलं.

"उचल की गो."

"मना कुठं येतं, काकी? तुमी म्हणा, मी ऐकते."

"ऐकून नाय होत गो ते," कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला नुसतंच थोपटलं. बाळ पुन्हा रडू लागलं, तशी शेवंती ते उचलून घेऊन गेली.

त्यानंतर भांडी घासताना कमळाबाई कधी कधी एखादी ओळ म्हणत आणि गप्प होत. मित्रांनो, मी शेजारीच होतो. पण माझ्यात कुणी भरलेलं असेल तेवढंच मला बोलता येतं. दुसऱ्याची ओळ उचलणं माझ्यासारख्या यंत्राला जमत नाही. ते तुम्हाला जमतं.

रघु आता मोहन्याला कारखान्याजवळ राहतो. या आठवड्यात तो आलेला नाही. काल सकाळपासून कमळाबाई अंथरुणावरून उठलेल्या नाहीत, चूल पेटलेली नाही. त्या खोकतात, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. शहाड स्टेशनावरून नदीकडे उतरलं की चिंचेखालचं घर. दार नुसतं लोटलेलं आहे. तुमच्यापैकी कुणीतरी जा. बाहेरून "कमळाबाई" अशी हाक मारा, आणि ओ आली नाही तर तसेच मागे फिरू नका, आत जाऊन बघा.