मुकुटबनची ओळ

नुजहतने उत्तरासाठी थांबण्याची मुदत पंचेचाळीस सेकंदांवरून तीन मिनिटांवर नेली आणि संगणकाला फोन लावायला सांगणारी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पांढरकवड्याच्या तक्रार केंद्रातला तिचा संगणक रोज चार वाजता गावोगावच्या केंद्रांना फोन लावी आणि तिकडच्या संगणकात शिरून, न उगवलेल्या कापूस-बियाण्याच्या तक्रारी उचलून आणी. बाकी गावं शहाण्यासारखी उत्तर देत. मुकुटबन तेवढं तीन दिवस रुसून बसलेलं. पंधरवड्याची यादी आज पाचच्या आत जिल्ह्याला गेली नाही, तर तपासणीचं पथक तिकडच्या शेतांकडे फिरकणार नव्हतं.

तीन मिनिटं गेली. पडद्यावर तेच: उत्तर नाही.

लाईन तुटली म्हणावी, तर टेलिफोनवाले कालच ठीक म्हणाले होते. मग घोडं अडतंय कुठे? तिला राहवेना. केकाटतो म्हणून बंद ठेवलेला, संगणक फोनला जोडणाऱ्या मोडेमचा आवाज तिने सुरू केला आणि फोन पुन्हा लावला.

पहिल्याच घंटेला कुणीतरी उचललं.

"बोला भाऊ. आज पुन्हा तुम्हीच ना? नका बोलू, चालते. जेवले काय? माह्या घरी आज अंबाडीची भाजी होती..."

हे मुकुटबनचे शिपाई, देवराव. संगणकाने तिसऱ्या घंटेला उचलायचं, तर हे त्याच्याआधी हजर! नुजहतला हसू फुटलं. तिने रिसीव्हर उचलला.

"काका, मी नुजहत, पांढरकवड्याहून. चारचा फोन संगणकासाठी असते. तुम्ही काहून उचलता?"



"बियाणं गेलेल्या लोकायले हाच नंबर देल्ला ना, बाई. मागल्या महिन्यात एकाचा फोन आलता. बोलेच ना. मी ठेवून देल्ला. त्याच राती त्यानं फवारणीचं औषध पेल्लं. घरच्यायनं आता चार दिवसांमागं सांगतलं, इथंच फोन केलता म्हणून."

तिचं हसू विरलं. ती मुदत वाढवत गेली होती, आणि तितका वेळ हा माणूस मुक्या यंत्राची विचारपूस करत बसला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मंग आता उचलू नोको काय?" देवरावांनी विचारलं.

"उचला काका. तक्रारवही काढा अन् नावं सांगा, मी लिहून घेते."

त्रेसष्ट नावं. पाचला चार मिनिटं कमी असताना यादी गेली. मग तिने स्क्रिप्टमधून मुकुटबनची ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी चारला तिने स्वतःच नंबर फिरवला.

"बोला," देवराव म्हणाले.

का कोण जाणे, तिला एकदम शब्दच सुचेना.

"घाई नाही," तिकडून आवाज आला. "मी बसून आहो."